पेटीतला साप आणि त्याची ओल

परंडे तालुक्यातील सोनारी हे श्रीकाळभैरवनाथाचे क्षेत्र आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. सीनेच्या खोऱ्यातील हा मुलूख अवर्षणाचा. वैशाखात येथील काळ्या जमिनीस खोल भेगा पडतात, ओढे आटतात, आणि सावली शोधीत गुरे बांधाशी येऊन उभी राहतात. अशा कोरड्या रानात साप तग धरतो तरी कसा? उत्तर सोपे आहे. भर उन्हात तो उघड्यावर राहतच नाही. वारुळात, जमिनीच्या भेगेत, दगडी बांधाच्या पोटात किंवा कडब्याच्या गंजीखाली तो दडून असतो. बाहेर पारा ४० अंशांवर गेला तरी वारुळाच्या पोटात गारवा आणि ओल टिकून असते. ओल हवी तेव्हा साप आत शिरतो. ऊब हवी तेव्हा बाहेर येऊन अंग शेकतो. त्याचे आरोग्य या निवडीवर अवलंबून आहे.

साप पेटीत कोंडला की ही निवड मनुष्याच्या हाती जाते. गारुड्याच्या टोपलीत दिवसचे दिवस पाण्याविना ठेवलेला नाग नागपंचमीस वाटीला तोंड लावतो, तो दुधाच्या आवडीने नव्हे, तर तहानेने व्याकूळ होऊन. दूध हे त्याचे अन्न नव्हे. ते त्यास पचत नाही, आणि कधी कधी जिवावरही बेतते. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यास नाग मडक्यांत ठेवून पंचमीस मिरविण्याची चाल होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तीवर बंदी आली. भक्ती खरी असली, तरी तिने मुक्या जिवाची तहान भागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. नाग, धामण, दिवड, अजगर इत्यादी आपल्याकडील रानटी साप घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात साप निघाल्यास वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास कळवावे. पुढील विवेचन आहे ते आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ या बिनविषारी अजगरासंबंधी. परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुले तो हौसेने पाळतात, आणि आता आपल्या शहरांतही तो दिसू लागला आहे. येथे तो बाळगणाऱ्याने कायद्याप्रमाणे सरकारदरबारी नोंद केलीच पाहिजे.

या अजगरास शेकडा ५५ ते ६५ च्या दरम्यान ओल मानवते. पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश व दुसरे २५ ते २७ अंश सेंटिग्रेड ठेवावे, म्हणजे जागा बदलण्यास त्यास वाव राहतो. परंतु ऊब वाढविली की ओलीचा आकडा घटतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. हवा जितकी उष्ण, तितकी तिची बाष्प सामावण्याची शक्ती अधिक. २० अंशांच्या हवेत शेकडा ६० ओल असून तीच हवा ३० अंशांपर्यंत तापविली, तर बाष्प तेवढेच राहूनही तो आकडा शेकडा ३३ च्या आसपास उतरतो. हिवाळ्यात दिव्याच्या उबेत ठेवलेल्या सापाची कात फाटते, ती बहुधा या कारणाने.

निरोगी साप कात टाकतो तेव्हा ती तोंडापासून पायमोज्यासारखी उलटी होत अखंड उतरते. त्याआधी काही दिवस डोळे दुधाळ, निळसर दिसतात. त्या वेळी ओल शेकडा ७० पर्यंत वाढवावी. सापास पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. म्हणून उतरलेल्या कातेत डोळ्यांच्या दोन्ही काचा आहेत ना, हे अवश्य पाहावे. राहिलेली काच चिमट्याने ओढू नये, डोळा जायचा.

सर्वत्र पाणी शिंपडणे हा मात्र यावर उपाय नव्हे. अष्टौप्रहर ओल्या जमिनीवर पडून राहिल्यास सापाच्या पोटाच्या खवल्यांवर लाल डाग व फोड येतात. ओलीस थंडीची जोड मिळाली, तर फुप्फुसे बिघडतात. साप तोंड उघडून श्वास घेतो, घरघर ऐकू येते, नाकातोंडाशी बुडबुडे दिसतात. आपल्याप्रमाणे खोकून कफ काढणे त्यास साधत नाही. यास्तव घरगुती औषधांत वेळ न दवडता पशुवैद्य गाठावा.

उत्तम रीत वारुळापासूनच शिकावी. पेटी एकंदर कोरडी, परंतु आत एक झाकणाची डबी, तीस प्रवेशापुरते भोक, आणि तीत पिळून काढलेले ओले शेवाळ किंवा काथ्याचा भुसा. पाण्याचे भांडे रुंद असावे व पाणी रोज बदलावे. उन्हाळ्यात जाळीचे झाकण अर्धे झाकावे. कोकणच्या पावसाळ्यात ते उघडे ठेवून वारा खेळू द्यावा. आर्द्रतामापक दोन्ही टोकांस हवा. तो खरा की खोटा, हे पाहण्यास स्वयंपाकघरातील मीठ पुरते. ओलसर मिठाची वाटी व मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवल्यास आकडा ७५ च्या जवळ आला पाहिजे.

एकत्र कुटुंबात आणखी एक पथ्य आहे. साप निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत, त्यास हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि तान्ह्या मुलांस व वृद्धांस त्यापासून दूर ठेवावे.

हा प्राणी बंदिवासात वीस-तीस वर्षे जगतो. हौस करणारा मुलगा शिक्षणासाठी परगावी जाईल, मुलगी सासरी जाईल, आणि पेटी घरातील कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या गळ्यात पडेल. त्या माणसाची संमती आधी घेतली आहे काय, हा प्रश्न दिवा, डबी आणि मापक यांच्याही आधी विचारावयाचा आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर साप न आणणे हीच त्याजवर केलेली खरी दया होय.