सावलीतील सुगंध

मध्य युरोपातील बीच वृक्षांच्या वनात उन्हाळ्याच्या भर दुपारीही संधिप्रकाश असतो. वरची पालवी इतकी दाट, की भूमीपर्यंत प्रकाशाचा अल्पसा अंशच पोहोचतो. तेथेच वीतभर उंचीची एक वनस्पती हिरवी चटई अंथरते. जर्मन लोक तिला 'वाल्डमाइस्टर' म्हणजे वनाचा स्वामी म्हणतात. शास्त्रीय नाव गॅलियम ओडोरॅटम. आपल्या परिचयाची मंजिष्ठा आणि कॉफी याच कुळातील.

एवढ्या तुटपुंज्या प्रकाशात तिचा निर्वाह कसा होतो? पेढीवर बसणाऱ्याला उत्तर लगेच पटेल: मिळकत बेताची, म्हणून खर्चही बेताचा. पाने पातळ, त्यामुळे ती घडविण्यास द्रव्य थोडे लागते. सहा ते नऊ पाने खोडाभोवती एकाच पातळीत चक्राकार पसरतात, म्हणजे परस्परांवर सावली पडत नाही. श्वसनाची गती मंद. वसंतात बीचला पालवी फुटण्यापूर्वी काही आठवडे ऊन थेट खाली उतरते. त्या मोसमात ती शक्य तेवढी कमाई करून घेते. मे महिन्याच्या सुमारास इवली पांढरी फुले येतात; पण विस्तार मुख्यतः भूमीखालच्या आडव्या खोडांनी होतो.

अशा वनस्पतीला गमावलेले पान पुन्हा घडविणे महाग पडते. म्हणून ते राखावे लागते. ताजे पान हुंगले तर वास जेमतेम येतो, कारण सुगंधी द्रव्य साखरेच्या रेणूशी जखडलेले असते. पान चुरगळले वा वाळले, की विकरे ते बंधन तोडतात आणि कुमारिन मुक्त होते. वास वाळल्या गवताचा, किंचित व्हॅनिलाचा. चव मात्र कडवट. चरणाऱ्या प्राण्यांना ती रुचत नाही. माणसाने मात्र त्याच्या जुड्या कपड्यांच्या कपाटात ठेवल्या.

विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. १८८२ मध्ये पॅरिसच्या ऊबिगाँ पेढीने ते 'फूजेर रोयाल' या अत्तरात वापरले आणि सुगंधाच्या व्यापाराला वनावर विसंबण्याचे कारण उरले नाही. पोटात जाणाऱ्या कुमारिनची गोष्ट निराळी: अधिक मात्रेत ते यकृतास बाधक ठरू शकते, म्हणून अमेरिकेने १९५४ मध्ये ते खाद्यपदार्थांत मिसळण्यास मनाई केली.

युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या कुटुंबांच्या अंगणात झाडाखाली काहीच तगत नाही, त्यांना ही वनस्पती उपयोगी पडेल. कौतुकाने ती उन्हात मात्र लावू नये. पाने पिवळी पडून करपतात. मातीत ओल हवी, आणि पसरण्यास मोकळी जागा.