न्यूयॉर्कच्या भरावावर दोन एकर गहू

एकरी सव्वादोन क्विंटल गहू झाला तर आपण त्याला पीक म्हणत नाही. पण १९८२ साली न्यूयॉर्क शहरात झालेल्या अशाच एका पिकाचं नाव कलेच्या दुनियेत अजून निघतं.

ॲग्नेस डेनेस या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन कलावंत. पब्लिक आर्ट फंड या तिथल्या संस्थेने त्यांच्याकडे सार्वजनिक जागेवरच्या कलाकृतीचं काम सोपवलं. आपल्याकडे अशा वेळी चौकातला पुतळाच डोळ्यासमोर येतो. बाईंनी गहू पेरायचं ठरवलं.

जागा होती मॅनहॅटनच्या टोकाला, बॅटरी पार्कजवळ नदीकाठच्या भरावावर. शेअरबाजाराची वॉल स्ट्रीट हाकेच्या अंतरावर, आणि तेव्हा उभे असलेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे मागेच. जमीन म्हणाल तर धोंडे, गंजकं लोखंड आणि जुने टायर. मग २०० ट्रक माती आणली. दगड-कचरा वेचून हाताने २८५ सऱ्या काढल्या, हातानेच बी टाकलं आणि मातीने झाकलं. पाण्याची सोय केली, खत दिलं, तण काढलं, काणीची झाडं उपटली, भुरीवर फवारणी केली. कला म्हटली तरी कामं आपलीच! स्वयंसेवक मदतीला होते. मे महिन्यात पेरलेला गहू १६ ऑगस्टला कापला. दोन एकरांत हजार पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे साधारण साडेचार क्विंटल. बागायतीच्या मानाने उतारा कमीच, पण डबरावरच्या पहिल्या पिकाला मी तरी नावं ठेवणार नाही.

तुम्ही म्हणाल, यात कला कसली? पेरणी, निंदणी, कापणी हाच तिथला खेळ आणि ऑफिसला जाणारे-येणारे हेच प्रेक्षक. हाच गहू दुसरीकडे पेरला असता तर ती नुसती शेती झाली असती. डेनेस यांनी त्या जागेची किंमत साडेचार अब्ज डॉलर सांगितली आहे. एवढ्या मोलाच्या जमिनीवर धान्य का नको, हा सवाल त्यांना त्याच जागी उभा करायचा होता. २०१५ साली इटलीतल्या मिलान शहरात, नव्या उंच इमारतींच्या मधोमध, असंच शेत ५ हेक्टरवर केलं गेलं.

न्यूयॉर्कचं धान्य पुढे जगातल्या २८ शहरांत प्रदर्शनातून फिरलं. लोकांनी त्यातलं बी नेऊन पेरलं.

आमच्या भागात रस्त्याकडेची रानं भराभर प्लॉटिंगला चालली आहेत. मध्यंतरी एका गावच्या बैठकीत मी त्या शेताचा फोटो दाखवला. पिवळा गहू आणि मागे ते मनोरे. सरपंच हसले. एक आजोबा मात्र फोटो हातात धरून बसले. मग त्यांनी विचारलं, ‘‘साहेब, दुसऱ्या वर्षी तिथं काय पेरलं?’’

काही नाही, मी सांगितलं. तिथे इमारती झाल्या.