नदीकाठी जुने नाणे सापडले तर

वैनगंगा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. ती मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाटकडून ती आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या कडेने येते. पुढे भंडाऱ्याला जाते. शेवटी वर्धा नदीला मिळते आणि तिचे नाव प्राणहिता होते. उन्हाळ्यात तिचे पात्र उघडे पडते. पावसाळ्यात पूर येतो आणि काठची दरड कोसळते. २०२० सालच्या ऑगस्टअखेरचा पूर तर कोणी विसरला नसेल.

दरड कोसळली की कधी कधी मातीतून जुन्या वस्तू बाहेर येतात. खापरे निघतात. मोठाल्या विटा निघतात. एखादे हिरवे पडलेले तांब्याचे नाणेही निघते. याचे नवल वाटायला नको. आपले पूर्वज पाण्याच्या आधाराने राहत. पाणी, मासळी, काळी जमीन आणि नावेची वाट, सारे नदीपाशीच मिळे. त्यांची घरे गेली, पण त्यांच्या वस्तू मातीत राहिल्या.

नदीत धातू शोधणे आपल्या मुलखात नवे नाही. पूर्वी सोनझारी लोक नदीची रेती धुऊन सोन्याचे कण वेचत. दिवसभर पाण्यात उभे राहावे तेव्हा कुठे गुंजभर सोने मिळे. ते कष्टाचे काम होते. त्यात कोणाचे काही बिघडत नव्हते.

आता मात्र एक यंत्र लोकांच्या हाती आले आहे. त्याला धातुशोधक म्हणतात. लोक नुसते डिटेक्टर म्हणतात. एक लांब दांडा असतो. त्याच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज सोडली की चकतीभोवती लोहचुंबकासारखी ओढ तयार होते. जवळ धातू आला की त्या धातूतही थोडी वीज खेळू लागते. यंत्राला ते कळते आणि ते पिंपिं वाजते. यात जादू नाही, मंत्र नाही.

हे यंत्र चुकतेही बरे का. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी अंगात कुठे अडकली ते कळेना. टेलिफोन शोधणारे बेल साहेब असेच एक यंत्र घेऊन आले. पण गोळी काही सापडली नाही. खाटेच्या गादीत लोखंडी तारा होत्या. त्यांनी यंत्राला चकवले. पुढे राष्ट्राध्यक्ष वारले. आजची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. तरी साधे यंत्र नाण्याएवढी वस्तू फार तर हातभर खोलीपर्यंत ओळखते. बाटलीचे झाकण, बैलाचा तुटका नाल, कुंपणाची तार, सर्वांना ते वाजते. सोन्याला वाजले की पत्र्याला, हे खणल्याशिवाय खात्रीने कळत नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी, की मडके, हाड, मणी, कोळसा, जळालेले धान यांना ते मुळीच वाजत नाही. माणूस यंत्राच्या आवाजामागे सब्बल घेऊन धावतो. नाणे काढतो आणि त्याच्या भोवतीचे सारे फोडून टाकतो.

कोणी विचारील, फुटकी खापरे फोडली तर काय गेले? ते आता पाहू.

आपण खळ्यावर धानाचे पुंजणे रचतो. तळाचा भारा आधी पडतो, वरचा मागून. जमिनीचेही तसेच आहे. खालचा थर जुना, वरचा थर नवा. तळच्या थरात एखाद्या राजाचे नाणे मिळाले, तर त्या थरातली चूल, मडकी, धान्य कोणत्या काळाचे ते कळते. नाणे त्या थराची तारीख सांगते. तेच नाणे उपटून खिशात घातले, की ते मुके होते. मग थराचीही तारीख गेली आणि नाण्याचेही गाव गेले. नदीच्या भर पात्रातले नाणे पाण्याने वाहत आलेले असते. त्याची जागा आधीच सुटलेली असते. काठाच्या मातीतले नाणे मात्र आपल्या जागी असते. म्हणून काठ जपायचा.

एक शेजारची गोष्ट सांगतो. बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे गाव आहे. १८७० साली तिथे गुरे राखणाऱ्या दोन पोरांना मातीतून धातूचे काही वर आलेले दिसले. खणले तेव्हा तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या. त्यांचे वजन ८२९ पौंड भरले, म्हणजे पावणेचार क्विंटलहून थोडे जास्त. सोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. वस्तू हजारो वर्षांच्या जुन्या. काही नागपूरच्या अजबबंगल्यात आल्या, काही थेट लंडनला गेल्या. पण त्या कोणी घडवल्या, एवढे तांबे एका जागी का पुरले, हे आजही ठामपणे सांगता येत नाही. एवढा मोठा ठेवा हाती आला, पण त्याची हकीकत आली नाही.

दुसरी गोष्ट दायमाबादची. हे गाव प्रवरा नदीच्या काठी, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९७४ साली तिथे एक भिल्ल गडी झाडाचे मूळ खणत होता. त्याला काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलांचा रथ. रथात माणूस उभा आहे. चारींचे वजन मिळून ६० किलोहून जास्त. असे काम महाराष्ट्रात दुसरीकडे मिळालेले नाही. त्या वस्तू सरकारकडे पोचल्या, म्हणून आज सारे जग त्या पाहते. भंगारात गेल्या असत्या तर त्यांचे तांबे-पितळेचे पैसे झाले असते. पण तिथेही एक उणीव राहिलीच. त्या कोणत्या थरात होत्या, हे काढताना कोणी जाणत्याने पाहिले नाही. काही पंडित त्यांना चार हजार वर्षांच्या मानतात, काहींना शंका आहे. मागाहून तिथे बरीच वर्षे रीतसर खोदकाम झाले, तरी वाद मिटला नाही. त्या गड्याचा यात दोष नाही. त्याला कोण सांगणार होते?

आता रीतसर खोदकामाने काय मिळते ते आपल्याच नदीवर पाहा. वैनगंगेच्या काठी भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तिथे जगन्नाथ टेकडी नावाची एक टेकडी होती. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठाने आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे खोदकाम केले. खुरप्याने, ब्रशाने, बोटबोट माती काढली. टेकडीच्या पोटात बौद्धांचा मोठा स्तूप निघाला. दगडांवर ब्राह्मी अक्षरे निघाली. त्यात दान देणाऱ्या माणसांची नावे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी कोण राहत होते, कोणाला पूजत होते, ते कळले. घाईने सब्बल चालवली असती तर हाती दगड आले असते, त्यांची हकीकत नाही.

आपल्या जिल्ह्यातही जुनी ठिकाणे आहेत. गोंदियाजवळच्या नागऱ्याचे जुने शिवमंदिर कोणाला ठाऊक नाही? सरकारने संरक्षित केलेल्या अशा जागी परवान्याशिवाय खणणे हा गुन्हा आहे. नदीनाल्यांचे पात्रही कोणाच्या घरचे नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे ते सरकारचे आहे.

यंत्रवाल्यामागून कधी कधी मांत्रिक येतो, याचीही जाणीव असू द्या. तो म्हणतो, "तुमच्या धुऱ्याखाली गुप्तधन आहे जी. पूजा करावी लागेल. बळी द्यावा लागेल." मग शेतकरी बैल विकतो. अशा लोकांपायी काही ठिकाणी लेकरांचे जीव गेले आहेत. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे किंवा तसा सल्ला देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. असा माणूस गावात आला तर पोलीस पाटलाला सांगा. त्याला चहासुद्धा पाजू नका.

पण नांगरताना, विहीर खणताना, रेती भरताना खरेच काही सापडले तर? इथे पुष्कळ लोक भितात. "सरकार नेईल, वर पोलीस मारतील," असे म्हणून सोनाराकडे जातात आणि नाणी वितळवतात. कायदा काय म्हणतो ते नीट ऐका.

हा कायदा जुना, १८७८ चा आहे. त्याला निखात निधी अधिनियम म्हणतात. निखात म्हणजे जमिनीत पुरलेले. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी वर्दी द्यायची. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, नाही तर जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. चार ते सहा महिन्यांत चौकशीची तारीख लागते. ठेवा शंभर वर्षांहून जुना आणि बेवारस ठरला, तर त्यात सापडणाऱ्याचा हक्क असतो. जमीन दुसऱ्याची असेल आणि आपसात जमले नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. म्हणजे मजुरालाही हक्क आहे. मालकाने दटावले तरी तो जात नाही.

सरकारला वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल, तर ती ठेवून घेता येते. मग धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. धातू शंभर रुपयांचा ठरला तर एकशेवीस रुपये मिळतील. आमच्या मते हे फार थोडे आहे. जुन्या नाण्याचे मोल त्याच्या तांब्यात नसते. इंग्लंडात २००९ साली एका माणसाला असल्याच यंत्राने शेतात सोन्याचा ठेवा मिळाला. त्याने पाच दिवस वस्तू काढल्या, मग थांबून वर्दी दिली. पुढचे खोदकाम जाणत्यांनी केले. ठेव्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली. ती त्याने आणि शेतमालकाने निम्मी निम्मी वाटून घेतली. आपल्याकडे तसा कायदा झाला तर लोक आपण होऊन वर्दी देतील.

तरी आजचा कायदा आहे तो असा. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा बुडतो. वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

वस्तू दिसली की हात आवरा. जागेवर खूण करा. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरे जातात. मडक्यात नाणी असतील तर मडके फोडू नका. चार माणसांसमक्ष तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला कळवा. त्याच दिवशी अर्ज लिहा. लिहिता येते आहे तर दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे? अर्ज असा :

"मा. जिल्हाधिकारी साहेब, गोंदिया, यांस.
मी ………, राहणार ………, तालुका ………. दिनांक ……… रोजी मौजा ……… येथे, गट क्रमांक ……… मध्ये, ……… करताना मला जमिनीत पुढील वस्तू सापडल्या : ………. त्यांची अंदाजे किंमत ……… रुपये असावी. वस्तू सापडल्या तशाच ठेवल्या आहेत. निखात निधी अधिनियम १८७८ प्रमाणे ही वर्दी देत आहे.
सही ………"

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या, आणि ती सातबाऱ्यासोबत पेटीत जपून ठेवा.