झाकण नाचतं का?

मिस्त्रींची अट फोनवरच ठरलेली असते: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. कोथरूडच्या सोसायटीत पोचल्यावर त्यांनी इनोव्हाच्या मालकांना नमस्कार केला आणि तोच हात सहज टेकवावा तसा बोनेटवर ठेवला. बोनेट कोमट होतं. "जरा पुसून घ्यायला बाहेर काढली होती," मालक म्हणाले. "काही हरकत नाही साहेब, संध्याकाळी येतो," एवढं बोलून मिस्त्री गेटबाहेर पडलेसुद्धा. डिझेल इंजिनचा खोकला गारठ्यातच ऐकायचा असतो, तापल्यावर सगळीच इंजिनं गोड बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही आधी पिंपरीकडची एर्टिगा बघायला निघालो.

मी या फेरीत सामील झाले ती मावसभावाच्या एक्सेल शीटमुळे. घरात सात माणसं, गाव चिपळूणजवळ, बजेट जुन्या गाडीचं. त्याने दोन गाड्यांवर बोट ठेवलं होतं: २०१४ची डिझेल इनोव्हा आणि २०१९ची पेट्रोल एर्टिगा. शीटमध्ये टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, दुसऱ्या रांगेसाठी छतातला एसी, अ‍ॅव्हरेज असे कितीतरी रकाने होते, आणि 'रिलायबिलिटी' नावाचा एक रकाना, त्यात दहापैकी गुण. ते गुण कुठून आले, असं विचारल्यावर म्हणाला, "सगळे म्हणतात." मिस्त्रींना त्याने ती शीट मोबाइलवर दाखवली. त्यांनी ती अगदी अदबीने शेवटपर्यंत सरकवली आणि विचारलं, "दादा, यात गाडी कुठंय?"

सात माणसांचं कुटुंब आणि सामान एकाच गाडीत बसवायचं, हे काम बाहेरच्या देशांत कित्येक वर्षं स्टेशन वॅगनने केलं. आपल्याकडे तिचं काही जमलं नाही. १९९२मध्ये टाटांनी पुण्यातून एस्टेट काढली. लांब, ऐटदार, मागे भलीमोठी डिकी. २००४मध्ये इंडिगो मरिना आली. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी तर अजून काही जण जिवापाड सांभाळून आहेत. पण सर्वसाधारण गिऱ्हाइकाला डिकी मागे वेगळी निघालेली हवी होती. पाठीमागे सपाट गेलेली गाडी बघून आमच्या घरातल्या मोठ्यांनी "अ‍ॅम्ब्युलन्स" म्हणून निकाल लावला होता. मग २००० साली क्वालिस आली, २००५मध्ये तिच्या जागी इनोव्हा, २०१२मध्ये एर्टिगा, आणि वॅगनचं काम या उंच गाड्यांकडे गेलं. मला विचाराल तर एस्टेट दिसायला या सगळ्यांपेक्षा देखणी होती.

एर्टिगा एजंटच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती, धुऊन चकाचक. एजंटने दारातच आकडा सांगितला: "४८ हजार किलोमीटर. फर्स्ट ओनर." सीटवर बसता बसता पुन्हा, "फक्त ४८ हजार हं!" भावाचा चेहरा खुलला. इनोव्हाच्या मीटरवर १ लाख ९६ हजार होते, त्यामुळे ४८ हजार हा आकडाच त्याला अर्धा सौदा वाटत होता.

मिस्त्री त्या आकड्याकडे गेलेच नाहीत. ते टायरजवळ उकिडवे बसले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते ०७१९. म्हणजे २०१९चा सातवा आठवडा, कंपनीतून आलेले टायर. नक्षी अजून शिल्लक, पण कडेच्या रबराला बारीक भेगा. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघितलं, स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "मीटर खरं आहे," त्यांनी जाहीर केलं. मला उलट अपेक्षा होती. मीटर मागे फिरवल्याच्या एवढ्या गोष्टी ऐकलेल्या की आता इथेही चोरी सापडणार, असं गृहीत धरून मी वही उघडली होती.

"खरं आहे, पण गाडी बसून होती." लॉकडाऊन, मग मालकाचं घरून काम. सर्व्हिसच्या नोंदीत दोन वर्षांची फट. तेल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा बदलायचं असतं. लोक पहिली अट लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात. गाडी उभी राहिली तरी तेल जुनं होतं, रबर कडक होतं, बॅटरी मरते. बोनेटखाली एका वायरिंगला काळी टेप गुंडाळलेली होती. "उंदीर," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे सरकले. ४८ हजारांत एकही खोटा किलोमीटर नव्हता.

मग नेहमीची तपासणी. दारांच्या कडेला कंपनीच्या सीलची रेघ असते, तिच्यावर नखाने दाबून बघायचं. बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, चारी पिलर ओरिजिनल आहेत का, स्कॅनर काय म्हणतो. यातलं बरंचसं आता कुणीही मोबाइलवर शिकू शकतं. पण सीटबेल्ट त्यांनी अगदी मुळापर्यंत ओढून काढले आणि प्रत्येकाच्या टोकाला नाक लावलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर पुण्याच्या बाजारात पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन पुसून आल्या. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पुन्हा तेच. सीट कव्हर बदलता येतं, कार्पेट वाळवता येतं. बेल्टचा गुंडाळून आत राहणारा भाग धुवायचं मात्र कुणाला सुचत नाही. तिथे गाळाची रेघ राहते, आणि कुबट वास. त्यानंतर कुठल्याही गाडीत बसले की माझा हात बेल्टकडे जातो.

इथे वास नव्हता. इंजिन सुरू करून मिस्त्रींनी तेलाचं झाकण उघडलं आणि ते उलटं करून भोकावर नुसतं ठेवलं. झाकण जरासं थरथरलं आणि तिथेच राहिलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या की जळका गॅस खाली उतरतो, तिथून वर येतो आणि झाकण उडवतो. मिस्त्रींच्या भाषेत, नाचवतो. "ही नाचत नाही," ते म्हणाले, तेव्हा एजंटने पुन्हा एकदा ४८ हजार म्हणून घेतलं.

संध्याकाळी इनोव्हाचं बोनेट गार होतं. पहिल्या सेल्फला सुरू झाली, मागे क्षणभर फिकट धूर, मग साफ. झाकण इथे जास्त थरथरलं, पण जागचं हललं नाही. मालकांनी एक जाडजूड फाइल आणली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, दीड लाख किलोमीटरच्या सुमाराला बदललेल्या टायमिंग बेल्टचं बिल, क्लच प्लेटचं, शॉकअपचं, अगदी वायपरचंसुद्धा. पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूर असं हायवेचं आयुष्य. मिस्त्री ती फाइल चाळत बसले, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती. मधेच एक बिल माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघा ताई, कूलंटसुद्धा वेळेवर." आवाजात जे होतं त्याला कौतुक म्हणणं कमी पडेल.

भावाने शीट काढली. ताकद जवळजवळ सारखीच दिसते: एर्टिगा १०५, इनोव्हा १०२. मिस्त्री म्हणाले, गावच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात सात जण बसवून बघा. मी घरी येऊन आकडे मांडले. टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ, इनोव्हाचा २०० न्यूटन-मीटर, एर्टिगाचा १३८. पण इनोव्हा साधारण अर्ध्या टनाने जड आहे, त्यामुळे रिकाम्या गाड्यांत ही आघाडी वजनातच संपते. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, सात माणसांचं ओझं हलक्या गाडीला जास्त जाणवतं. दोन, इनोव्हाचा पीळ १४०० फेऱ्यांपासून हाताशी असतो, एर्टिगाला त्यासाठी ४४००पर्यंत रेस करावी लागते. म्हणजे घाटात गिअर पाडत राहायचं. शिवाय एर्टिगाच्या तिन्ही रांगा भरल्या की डिकी उरते २०९ लिटर, त्यात गणपतीला जाणाऱ्या सात जणांच्या बॅगा मावायच्या नाहीत. कॅरिअर लावावं लागणार.

एका रकान्यापुरती मात्र मी शीटच्या बाजूची आहे. एर्टिगाला धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने २०१९मध्ये तीन तारे दिले होते. २०२४मध्ये, कडक झालेल्या नियमांखाली, मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच. मिस्त्री यावर "हळू चालवायची" एवढंच म्हणाले. त्यांचं नाक, कान, नख यांना गाडी काय भोगून आली ते कळतं, धडकेत ती कशी चुरगळेल ते नाही. जुन्या इनोव्हाची तरी ही बाजू कुठे भक्कम होती? एअरबॅग किती, तेही व्हेरिएंट बघूनच ठरायचं.

माझ्या मनाने इनोव्हा घेऊन टाकली होती. फाइलसकट. पण वहिनींनी सोसायटीच्या रॅम्पवर ती एकदा वळवून बघितली आणि चावी परत दिली. गाडी रोज त्या चालवणार, कर्वे रस्ता, मुलांची शाळा, मंडई. चिपळूण वर्षातून दोन-तीनदा. शिवाय इनोव्हाचं रजिस्ट्रेशन २०२९मध्ये संपणार, मग फिटनेस आणि पर्यावरण कर. मिस्त्रींनी वाद घातला नाही. फाइल मालकांच्या हातात दोन्ही हातांनी परत दिली आणि एजंटला फोन लावला.

सौदा एर्टिगाचा झाला. बॅटरी, ब्रेक ऑईल, कूलंट, इंजिन ऑईल, फिल्टर, बेल्ट, होज, यांचे पैसे किमतीतून कापून घेतले. टायरवर गाडी अडली. एजंट चारांना तयार होता, मिस्त्री पाच मागत होते. "स्टेपनी तर रस्त्याला लागलीच नाही हो, नवीकोरी आहे!" एजंटचा आवाज स्पीकरवर चढला. "०७१९ आहे," मिस्त्री म्हणाले. पलीकडून काही वेळ नुसता प्लॉटवरचा आवाज येत राहिला. मग एजंट म्हणाला, "साडेचार धरा."