काटा कोठे असावा?

जुन्या गाडीची रेडिएटर-दुरुस्ती झाली की काटा पूर्वीपेक्षा वर दिसतो आणि मालक ड्रायव्हरवर खेकसतो. असली भांडणे आम्ही पुष्कळ सोडविली. इंजिन गार चालणे म्हणजे निरोगी चालणे नव्हे. त्यातले पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेंटिग्रेड हवे. थर्मोस्टॅट बहुधा ८२ अंशांच्या सुमारास उघडतो. तो काढून फेकणारे महाभाग आहेतच! मग काटा खाली राहतो, पण पेट्रोल जास्त जळते, सिलिंडर झिजतात. दुरुस्तीत नवा थर्मोस्टॅट बसला, म्हणून काटा वर आला. मात्र तो चढतच राहिला, तर बहुधा आत हवा अडकलेली असते. गाडी थांबवावी, इंजिन निवल्यावरच झाकण काढून पाणी भरावे. गरम असताना झाकण उघडले, तर दाबाखालचे पाणी उसळून अंगावर येते. असे भाजलेले हात आम्ही पाहिले आहेत.