‘नुसता फॅमिली डॉक्टर’ म्हणण्याआधी

निपाणी असो, चिकोडी असो की बेळगाव, कुणाचा मुलगा एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिन करतोय असं कळलं की प्रश्न ठरलेला: ‘का हो, स्पेशालिस्टला नंबर नाही लागला?’ शिकलेसवरलेले लोकही हेच विचारतात. ऐकून ऐकून कान किटले.

फॅमिली मेडिसिन ही स्वतंत्र स्पेशालिटी आहे. एमबीबीएस आणि इंटर्नशिपनंतर ‘नीट पीजी’ द्यायची, मग तीन वर्षं रेसिडेन्सी करायची. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग अशा विभागांत आळीपाळीने ड्युटी, सोबत प्रबंध आणि शेवटी शंभर गुणांचे चार लेखी पेपर. लेखीत पन्नास टक्के पडले तरच प्रात्यक्षिकाला बसता येतं. ही परीक्षा घेणारं नॅशनल बोर्ड १९७५ मध्ये सुरू झालं आणि १९८२ पासून ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था आहे. त्याची पदवी म्हणजे डीएनबी. सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला डीएनबी देणारं बोर्डही हेच. मग तो ‘मोठा डॉक्टर’ आणि हा ‘नंबर न लागलेला’, हा कुठला न्याय?

या डॉक्टरचं काम काय, ते निपाणीतच बघा. विड्या वळणारी पन्नाशीची बाई. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे धरलेत, तंबाखूच्या धुळीत बसून खोकलाही जात नाही. गुडघ्यासाठी बेळगाव, बीपीसाठी कोल्हापूर, खोकल्याला तिसराच डॉक्टर. गुडघ्याची वेदनाशामक गोळी रोज घेतली की बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. खोकल्याला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या की शुगर चढते. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, पण सगळ्या फायली एका टेबलावर उघडून कुठली गोळी थांबवायची हे ठरवणार कोण? त्याचंच प्रशिक्षण ही तीन वर्षं देतात. शिवाय दोन डॉक्टरांकडे जायचा खर्च आणि बुडालेली मजुरी वाचते ती वेगळीच.

आता बाकीचे गैरसमज.

‘डीएनबी एमडीपेक्षा खालची.’ नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायदा, २०१९ चं कलम ३७ आणि त्याची अनुसूची वाचा; डीएनबी ही मान्यताप्राप्त पदवी आहे. मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर प्रशिक्षण कुठल्या रुग्णालयात झालं यावरून काही अटी लागतात, रुग्ण तपासायला नाही.

‘फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी नसतेच.’ असते. केरळात कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ती आहे, आणि असे अभ्यासक्रम वाढवावेत असं २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरणच सांगतं.

‘अमेरिकेत बोर्डाचं प्रमाणपत्र म्हणजेच लायसन्स.’ दोन्ही गोष्टी वेगळ्या. लायसन्स राज्य देतं. फॅमिली मेडिसिनचं बोर्ड तिथं १९६९ मध्ये स्थापन झालं, आणि प्रमाणपत्राचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करायला लावणारं ते पहिलं बोर्ड.

‘एकदा पास झाला की अभ्यास संपला.’ आपल्याकडेही २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता दर पाच वर्षांत किमान तीस तासांचं प्रशिक्षण सांगते.

‘पाटीवर कुणीही काहीही लिहावं.’ त्याच आचारसंहितेनुसार त्या शाखेची पात्रता नसताना स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवता येत नाही. चाळीस वर्षं गाव सांभाळणाऱ्या जुन्या एमबीबीएस डॉक्टरांचा अनुभव मोलाचाच आहे. पण अनुभव आणि पदवी या दोन गोष्टी आहेत.

‘कागलला चालतं ते कोगनोळीलाही चालतं.’ कागल महाराष्ट्रात, कोगनोळी कर्नाटकात; हा खास सीमाभागातला गैरसमज. महाराष्ट्राने १९९२ मध्ये आयुर्वेदाच्या पदवीधरांना आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सांगितलं की अशी मुभा त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. महाराष्ट्राचा आदेश कर्नाटकात आपोआप लागू होत नाही.

तेव्हा दवाखान्यात गेलात की नोंदणी क्रमांक बघा. तो दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असायलाच हवा. पदवी कुठली, हे विचारायलाही संकोचू नका. आणि घरातली मुलगी फॅमिली मेडिसिन घेते म्हणाली तर तिला अडवू नका. चार फायली घेऊन बेळगाव-कोल्हापूर फिरणाऱ्या माणसांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे.