लग्नानंतरचे रहस्य

शृंगाररस शिकवायला घेतला की पेंगणारा वर्गही जागा होतो. मीलनाचा शृंगार आणि विरहाचा, म्हणजे विप्रलंभ, असे त्याचे दोन प्रकार. यात अधिक गोडी कशात, असे विचारले तर जुन्या रसिकांचा कौल बहुधा विरहाच्या बाजूने पडतो. मौज अशी की, रसशास्त्राचे पानही न उलटलेल्या दूरचित्रवाणीवाल्यांचे मतही तेच आहे!

रहस्यमालिका आवडीने पाहणाऱ्या घरांना हे नव्याने सांगायला नको. एक गुप्तहेर असतो, त्याच्या जोडीला एक चतुर तरुणी असते. दोघे मिळून खुनाचा छडा लावतात, येताजाता भांडतात आणि मनातले काही ओठांवर येऊ देत नाहीत. खुनी कोण हे तासाभरात कळते. यांचे जमणार कधी, हे मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. कारण एकदा यांचे जमले की प्रेक्षक उठून जातील, अशी लेखकाला धास्ती!

ही धास्ती पसरली ती मुख्यतः 'मूनलाइटिंग' या अमेरिकन मालिकेमुळे. १९८५ साली ती सुरू झाली. मॅडी हेज ही एके काळची नामांकित मॉडेल. हिशेबनीस तिचा पैसा लुबाडतो आणि तिच्या हाती उरतात ते तोट्यातले धंदे. त्यांतलीच एक लॉस एंजेलिसमधली गुप्तहेर कचेरी. तिथला बडबड्या, बेफिकीर डेव्हिड ॲडिसन ती बंद न करण्याविषयी तिचे मन वळवतो. सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस यांनी या दोघांची भांडणे अशी रंगवली की लोक रहस्यापेक्षा भांडणासाठीच बसू लागले. ३१ मार्च १९८७ च्या भागात अखेर ही दोघे एकमेकांची झाली. आणि १४ मे १९८९ रोजी मालिकेचा शेवटचा भाग लागला. लोकांनी निकाल देऊन टाकला: मीलन झाले आणि मालिका बुडाली! 'मूनलाइटिंगचा शाप' असे या भीतीला नावही पडले.

पण एवढ्याशा पुराव्यावर कोणा गुप्तहेराने एखाद्याला फासावर चढवले असते, तर आपण त्याला शहाणा म्हटले असते का? जरा तपास करून पाहू. शेफर्डबाईंना १९८७ मध्येच जुळी मुले झाली. विलिस 'डाय हार्ड' या चित्रपटात गुंतले. मालिकेचे जनक ग्लेन गॉर्डन कॅरन १९८८ मध्ये बाहेर पडले आणि त्याच वर्षी हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला. संहिता वेळेवर तयार होण्याची रड तर आधीपासूनच होती. आणि सर्वांत बोलका पुरावा पुढेच आहे. मीलन झाल्यावर लेखकांनी मॅडीला शिकागोला आईवडिलांकडे धाडले आणि आगगाडीत भेटलेल्या एका परक्या गृहस्थाशी तिचे लग्न लावून दिले! ज्यांचे भांडण ऐकायला लोक बसत, ती दोघे एका खोलीत येईनाशी झाली. मग प्रेक्षक कंटाळले ते मीलनाला, की ताटातुटीला?

याच्या शेजारी 'बोन्स' ही मालिका ठेवून पाहा. हाडांवरून मृताची हकीकत वाचणारी डॉ. टेंपरन्स ब्रेनन आणि एफबीआयचा सीली बूथ यांची ही जोडी. इथेही ब्रेननचे काम करणाऱ्या एमिली डेशनेल २०११ मध्ये आई झाल्या. लेखकांनी ती अडचण न मानता सरळ कथेतच गुंफली. २०१३ मध्ये जोडप्याचे लग्न लागले. तरी मालिका २०१७ पर्यंत चालली. भाग झाले २४६!

आणि एवढे दूर तरी कशाला जावे? १९९३ साली बासू चॅटर्जींनी दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्शी' आणली, ती अनेकांना आठवत असेल. रजित कपूर यांचा ब्योमकेश, के. के. रैना यांचा अजित आणि सत्यवतीच्या कामात आपल्या सुकन्या कुलकर्णी. सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ येतो. ब्योमकेश खरा गुन्हेगार शोधतो, भाऊ सुटतो आणि स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवणारा हा गडी मात्र सत्यवतीत अडकतो!

मूळ कथाकार शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेश जन्माला घातला १९३२ मध्ये. त्याचे लग्न लावून दिल्यावर आणखी काही कथा लिहून ते थांबले, ते जवळजवळ पंधरा वर्षे. पुन्हा लेखणी उचलली तेव्हा सत्यवतीला वाटेतून दूर करणे त्यांना काय अवघड होते? पण तसे त्यांनी केले नाही. या पुनरागमनातल्या 'चित्रचोर' कथेत आजारातून उठलेला ब्योमकेश आहे आणि त्याच्यापुढे डाळिंबाचा रस घेऊन सत्यवती उभी आहे. नवऱ्याची कुरकुर आहे, बायकोचा धाक आहे आणि त्यातच रहस्यही पुढे सरकते आहे. १९५२ साली शरदिंदुबाबू पुण्यात राहायला आले. म्हणजे ब्योमकेशचा पुढचा संसार बंगालीत लिहिला गेला खरा, पण आपल्या पुण्यात बसून!

तुम्ही म्हणाल, मालिकांची ही चर्चा कशासाठी? तर माझ्या वर्गातली मुलेमुली मला विचारतात, "सर, लग्न झाले की प्रेम संपतेच ना?" विशीच्या उंबरठ्यावर हा प्रश्न त्यांना पडावा, याची मला काळजी वाटते. आपल्या कथा आणि चित्रपट बहुधा अंतरपाट दूर होताच आटोपतात. पुढचे त्यांनी पाहावे कुठे? ते त्यांना घरातच दिसले पाहिजे. आईबाबांचे भांडण त्यांच्या कानावर जाते. भांडणानंतर बाबांनी मुकाट्याने आईपुढे ठेवलेला चहाचा कप मात्र पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटतो. वीस-पंचवीस वर्षे संसार केलेल्या कोणालाही विचारा. समोर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे, याचा तपास अजून चालूच आहे, असेच तो सांगेल. या दिवाळीत फराळाची ताटे पुढे आली म्हणजे मुलांना त्या तपासातली एखादी गोष्ट जरूर सांगा.